तेरा वाक्यं : माझ्या कंबरदुखीचे चौदा महिने

14 जून 2024, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे व्हरांड्यात येऊन पडले होते. पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात पुस्तकं पडावीत म्हणून आम्ही दोघी-तिघी ते वर्गांत नेत होतो. आठवीचा तिसरा गठ्ठा उचलताना कंबरेत चमक निघाली. ओरडलेसुद्धा नाही, नुसती भिंतीला धरून उभी राहिले. घरी पोचेपर्यंत कंबर पुरती धरली होती.

मी साताऱ्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, वय 46. हे सगळं लिहायचं कारण एकच. या चौदा महिन्यांत मला गोळ्या, पट्टा, शेक, तेल याबद्दल सांगणारे पन्नास जण भेटले. दुखत असताना मनात काय चालतं आणि त्याचा दुखण्याशी काय संबंध असतो, हे मात्र सहा महिने कुणीच सांगितलं नाही. ते आधी कळलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

पहिले तीन आठवडे नेहमीसारखेच गेले. घरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मेडिकलमधून 850 रुपयांचा पट्टा आणला. थोडं कमी व्हायचं, पुन्हा उसळायचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, फी 600 रुपये. त्यांनी नीट तपासलं. पायात ताकद कमी झाली आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, ताप येतो का, वजन विनाकारण घटलं आहे का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, असं एकेक विचारलं. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तुमच्या बाबतीत यातलं एक जरी असेल तर माझा पुढचा अनुभव बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एमआरआयला 5,500 रुपये पडले. विम्यातून काही मिळालं नाही, कारण आमची पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच लागू होते आणि नुसत्या तपासणीसाठी भरती दाखवणं मला पटलं नाही. रिपोर्ट संध्याकाळी मिळाला आणि मी सेंटरच्या पायरीवरच तो उघडला. ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’, ‘डिस्क डेसिकेशन’, ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’. शेवटच्या शब्दांचा अर्थ मोबाइलवर शोधला, ‘झीज’ असं दिसलं आणि पोटात खड्डा पडला. चार दिवसांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं, 1,000 रुपये. ते म्हणाले, “मणक्यात गॅप आहे. जपा. वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका.”

त्या ‘गॅप’ शब्दाने माझ्या डोक्यात घर केलं. आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यात एक भेग पडली होती, तीच भेग आता मला माझ्या पाठीत दिसायला लागली. खोकला आला तरी वाटायचं, भेग वाढली असेल.

1 ऑगस्टपासून 20 दिवसांची वैद्यकीय रजा टाकली. इथे शिक्षकांसाठी दोन गोष्टी सांगते. पूर्ण पगार हवा म्हणून अर्धवेतनी रजा परिवर्तित करून घेतली तर 20 दिवसांच्या रजेला खात्यातून 40 दिवस वजा होतात, तेव्हा सेवापुस्तकात आधी शिल्लक बघून घ्या. दुसरं म्हणजे हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट हातात लागतं. माझं राहिलं होतं. मुख्याध्यापक चांगले आहेत, पण प्रमाणपत्राशिवाय मस्टरवर सही करू देणं त्यांच्या हातात नव्हतं. तो एक दिवस फुकट गेला.

रजेचे ते वीस दिवस या सगळ्या काळातले सर्वांत वाईट दिवस होते. छताकडे बघत पडून राहायचं आणि कंबर कुठे, किती, कशी दुखते याचाच हिशेब करायचा. सासूबाई प्रेमाने सांगायच्या, “वाकू नकोस गं, मी देते.” ह्यांनी बादली, कुकर, गॅसची टाकी सगळं स्वतःकडे घेतलं. गणपतीत मी मोदक करायला खाली बसले नाही. सगळे माझी काळजी घेत होते आणि रोज थोडं थोडं करत मी माझ्याच घरातून बाहेर पडत होते. शाळेतही तेच. हातातून खडू पडला की पहिल्या बाकावरची पोरं धावत यायची आणि उचलून द्यायची. ऑगस्टपासून पुढे सहा महिने मी खाली पडलेला एकही खडू स्वतः उचलला नाही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि ड्युटीचा आदेश आला. मतदान 20 तारखेला होतं. वैद्यकीय कारणाने नाव वगळायचं तर अर्ज, एमआरआयची झेरॉक्स, डॉक्टरांचं पत्र आणि प्रत्यक्ष तपासणी. मूळ कागदांबरोबर दोन-दोन झेरॉक्स नेल्या होत्या म्हणून निभावलं. रांगेत जवळजवळ तीन तास उभी होते. पुढे कोरेगावकडच्या एक शिक्षिका होत्या, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हॉल, केटरर, देणंघेणं यावर आमच्या एवढ्या गप्पा रंगल्या की नंबर आला तेव्हा लक्षात आलं, या तीन तासांत कंबरेची आठवणच झाली नाही. एरवी वीस मिनिटं उभी राहिले तरी ती ओरडायची. नाव वगळलं गेलं. रिक्षात बसले आणि पहिला विचार आला, ‘आज एवढी उभी राहिले, आता उद्या भोगावं लागणार.’ घरी जाईपर्यंत कंबर ठणकायला लागली होती.

हे मी डिसेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टना सांगितलं. तरुण मुलगा आहे, मला ‘मॅडम’ म्हणतो. एका वेळेचे 350 रुपये. त्याने व्यायाम दाखवण्याआधी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर तेरा वाक्यं होती. दुखत असताना मनात येणाऱ्या विचारांची ती वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे 0 ते 4 गुण द्यायचे होते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली 1995 मध्ये तयार केली. कमाल गुण 52, आणि 30 च्या वर गेलं तर लक्ष घालावं असं मानतात. मला 37 पडले.

त्याने तीन गट समजावून सांगितले. पहिला, तोच विचार घोळवत राहणं : हे कधी थांबेल, कधी थांबेल. दुसरा, वाढवून बघणं : यातून काहीतरी भयंकर निघणार. तिसरा, हतबलता : आता माझ्या हातात काही उरलं नाही. माझे बहुतेक गुण पहिल्या आणि तिसऱ्या गटात होते. कागद बघताना मला अक्षरशः कुणी माझी डायरी उघडल्यासारखं वाटलं.

मग तो म्हणाला, “मॅडम, व्यायाम मी शिकवीन, पण सोबत मानसशास्त्रज्ञांना भेटलात तर फायदा होईल.”

मला राग आला. घरी सांगितलं तर हे पटकन म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मनाचंच होतं का?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या रात्री मी जेवले नाही. सहा महिने खरोखर दुखत असलेल्या माणसाला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकवणं किती लागतं, हे ज्याचं दुखतं त्यालाच माहीत. पुढच्या वेळी फिजिओला तसं स्पष्ट विचारलं. त्याने दिलेलं उत्तर माझ्यासारख्या प्रत्येकाला ऐकायला मिळावं असं वाटतं. दुखणं शंभर टक्के खरं असतं. पण कंबरेतून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असतं. ते किती उघडायचं हे खालून येणाऱ्या संदेशांवर ठरतं, तसंच वरून मेंदूकडून येणाऱ्या संदेशांवरही ठरतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी हा सिद्धांत 1965 मध्ये मांडला. भीती आणि सततचं लक्ष ते दार उघडं ठेवतात. रांगेत लग्नाच्या गप्पांनी ते थोडं लोटलं गेलं होतं आणि रिक्षातल्या एका विचाराने पुन्हा सताड उघडलं.

एमआरआयबद्दलही त्याने सांगितलं. 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून, कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांचे स्कॅन पाहिले गेले होते. त्यांत चाळिशीतल्या 68 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या चकतीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या ‘डिस्क’मध्ये, झीज होती. पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांना बल्ज, म्हणजे चकतीला आलेला फुगवटा, होता. ‘डेसिकेशन’ म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं. “तुमचे केस पांढरे होतायत ना, तसं समजा,” तो म्हणाला. माझ्या पाठीतली भेग त्या दिवशी निम्मी बुजली. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : माझ्या वयाच्या, कंबर न दुखणाऱ्या माणसाच्या स्कॅनमध्येही हे दिसतं का?

पट्टा त्याने हळूहळू सोडायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत व्यायाम, माहिती देणं आणि मानसशास्त्रीय उपचार यांची शिफारस आहे, आणि पट्टे व ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीच्या उपचारांत वापरू नका असं आहे.

जानेवारी 2025 पासून पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जायला लागले. साताऱ्यात शोधलं, पण जुनाट दुखण्यावर काम करणारं कुणी मला मिळालं नाही. पंधरा दिवसांतून एक शनिवार, आठ भेटी, प्रत्येकी 1,200 रुपये. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचं आणि रिक्षाचं मिळून 400 च्या आसपास व्हायचं. पहिल्या खेपेला वाटेतल्या प्रत्येक वळणावर मी पुढची सीट घट्ट धरून बसले होते. स्वारगेटला उतरले तेव्हा कंबरेपेक्षा खांदे जास्त दुखत होते.

पहिल्या भेटीत बाईंनी फार काही सांगितलं नाही. दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा, म्हणाल्या. काय घडलं, मनात काय आलं, मग मी काय केलं. माझी पहिली नोंद अशी आहे : “सकाळी 6.10. दात घासताना वाकले, चमक. मनात : गेली कंबर, आजचा दिवस गेला. मग : आडवी झाले, डबा केला नाही, पहिला तास दुसऱ्या बाईंना दिला.”

दोन आठवड्यांत 41 नोंदी झाल्या. बाईंनी माझ्याकडूनच त्या मोजून घेतल्या. त्यांतल्या 29 नोंदींमध्ये मनात आलेली गोष्ट अजून घडलेलीच नव्हती. ती उद्याची, पुढच्या वर्षीची किंवा म्हातारपणाची होती. चमक दोन सेकंदांची असायची आणि दिवस जायचा तो दुसऱ्या रकान्यामुळे.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘कंबर गेली’ असं लिहिलं होतं. माझ्या आईच्या तोंडी मात्र ‘कंबर धरली’ असायचं. गेलेलं परत येत नाही, धरलेलं सुटतं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुम्ही तेच लिहा.” तेव्हापासून मी ‘धरली’ लिहायला लागले. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण पहाटे सहा वाजता बेसिनवर वाकलेली असताना मनात कोणतं क्रियापद येतं यावर माझा पुढचा तास ठरत होता.

‘सकारात्मक विचार करा’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि म्हणून मी टिकले. ‘दुखणार नाही’ असं स्वतःला सांगायचं नाही, कारण ते खोटं आहे आणि मनाला ते कळतं. विचार दाबायचाही नाही. त्याला प्रश्न विचारायचा : मागच्या वेळी असंच वाटलं होतं तेव्हा खरंच किती दिवस दुखलं? उत्तर वहीत असायचं. ‘हे असह्य आहे’ म्हणताना मी आत्तापर्यंत ते सहन केलेलंच असतं, म्हणजे ते फार त्रासदायक आहे, असह्य नाही. ही रीत अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातली. आपल्याकडे किशोर फडके यांनी ती मराठीत रुजवली, त्यामुळे हे सगळं मला माझ्या भाषेत समजून घेता आलं. प्रवास किंवा फी परवडत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. जुनाट दुखण्याने मन खचलं असेल तर तिथून सुरुवात करता येईल.

भीती कमी करायला एक शिडी आखली. तळाशी सर्वांत कमी भीतीची हालचाल, वर सर्वांत जास्त भीतीची. माझ्या तळाशी खडू होता. वरच्या पायऱ्यांवर जमिनीवर मांडी घालून जेवणं, अर्धी बादली, एसटीची मागची सीट आणि सगळ्यात वर पुस्तकांचा गठ्ठा. हालचाल करण्याआधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. 11 फेब्रुवारीला सातवी ‘ब’मध्ये फळ्याखाली खडू पडला. एक मुलगा उठला, त्याला हाताने थांबवलं. गुडघे थोडे वाकवले, कंबरेतून वाकले, उचलला. हलकीशी ओढ जाणवली, बाकी काही नाही. वर्गाला काहीच कळलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून पानिपतच्या लढाईचं साल लिहीत उभी राहिले, कारण डोळे भरले होते.

भीतीपेक्षाही एक गोष्ट मला अवघड गेली. माझ्यात दुसरीही एक विचारपद्धत आहे हे मला वहीनेच दाखवलं. बरं वाटलेल्या दिवशी मी माळा आवरायचे, पडदे धुवायचे, साचलेल्या वह्या एका बैठकीत तपासायचे. ‘सुरू केलं की संपवूनच उठायचं’ हे मी आईकडून घेतलं आहे. ती शेतात राबली, दुखतंय म्हणून तिला बसलेलं मी पाहिलं नाही. मग दोन दिवस काम आणि चार दिवस आडवं. बाईंनी सांगितलं, घाबरून थांबणारे आणि दुखणं न जुमानता रेटणारे, दोघेही अडकतात, आणि तुम्ही दोन्ही आहात. उपाय साधा होता पण माझ्या स्वभावाविरुद्ध. मोबाइलवर वीस मिनिटं लावायची, आणि वाजल्यावर उठायचं, कंबर चांगली असली तरी, गठ्ठ्यात तीन वह्या उरल्या असल्या तरी. त्या तीन वह्या तशाच ठेवून उठणं मला खडू उचलण्यापेक्षा जड गेलं. दोन महिने रोज चुकत होते.

मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले आणि मी सगळं विसरले. एका रविवारी साडेतीन तास सलग बसले. सोमवारी उठता येईना. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आहे : “सगळं फुकट. एवढे पैसे, एवढ्या फेऱ्या.” फिजिओला फोन केला. त्याने आधी पायातली ताकद आणि बधिरपणा यांचे तेच जुने प्रश्न विचारले, मग म्हणाला, “उसळी आहे, इजा नाही. घरात दर तासाला पाच मिनिटं चाला.” रजा टाकली नाही. चौथ्या दिवशी उतरलं. जूनमधल्या अशाच उसळीने माझे तीन आठवडे खाल्ले होते.

याने सगळ्यांचं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. 2016 मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखी असलेल्या 342 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विचारांवर काम करणाऱ्या उपचारांनी 26 आठवड्यांनी सुमारे 58 टक्के लोकांचं रोजचं हिंडणंफिरणं सुधारलं होतं, सजगतेचं ध्यान शिकलेल्यांत सुमारे 60 टक्के, आणि नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत 44 टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही. माझंही तसंच. दहापैकी सातवर असलेलं दुखणं आता बहुतेक दिवशी तीन-चारवर असतं. तेरा वाक्यांचे गुण एप्रिलअखेर 22 होते, परवा 17 आले.

खर्चाचा हिशेब विचारतात म्हणून देते. हाडांच्या डॉक्टरांच्या तीन भेटी 1,800, दुसरं मत 1,000, एमआरआय 5,500, गोळ्या-मलमं 3,200, पट्टा 850, फिजिओ बावीस वेळा 7,700, मानसशास्त्रज्ञ 9,600, प्रवास 3,200. एकूण 32,850 रुपये. शाळेकडून वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते का बघितलं, पण ती ठरलेल्या आकस्मिक आणि गंभीर आजारांसाठी असते, जुनाट कंबरदुखी त्यात बसली नाही. पुन्हा वेळ आली तर दुसरं मत आणि पट्टा वगळीन आणि फिजिओकडे सहा महिने आधी जाईन.

यंदा 16 जूनला शाळा उघडली. पुस्तकांचे गठ्ठे पुन्हा व्हरांड्यात होते. मी एका गठ्ठ्याची दोरी सोडली, निम्मी निम्मी पुस्तकं छातीशी धरून दोन खेपांत आठवीच्या वर्गात नेली. दुसऱ्या खेपेला छाती धडधडत होती. नेली तरी.

वही आता रोज लिहीत नाही, कंबर बोलली तरच. कालची नोंद : “सकाळी 6.20. बादली उचलताना चमक. मनात : कंबर धरली. मग : अर्धी बादली ओतून दिली, दोन मिनिटं चालले, डबा केला, पहिला तास घेतला.”